सनाला न्यायला रोज वेगळी बाई यायची

परवा गुरुवारी सकाळी शाळेत एक बाई सनाची टीसी न्यायला आल्या. कडेवर लहानसं बाळ होतं. चेहरा ओळखीचा नव्हता, पण मुलीचं नाव मी विसरले नव्हते...

मी शारजातल्या एका शाळेत काउन्सेलर आहे. हे लिहू की नको, असा दोन दिवस विचार केला. पण फॉर्म मीच भरला होता, तर हेही मीच लिहायला हवं.

दोन महिन्यांपूर्वी इथे जो पाऊस झाला त्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. सनाच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर छातीएवढं पाणी होतं आणि त्यांचं घर तळमजल्यावरच. कुटुंब रत्नागिरीकडचं. बाबा समुद्रात तेलाच्या रिगवर कामाला, आई आठ महिन्यांची गरोदर... त्या धावपळीत तिचं बीपी वाढलं आणि तिला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. बाळ लवकर झालं, काचेच्या पेटीत ठेवलं. तिसरीतली सना वरच्या मजल्यांवरच्या शेजाऱ्यांकडे राहिली.

शाळा पुन्हा सुरू झाली आणि माझ्या लक्षात आलं, की सनाला न्यायला रोज वेगळी बाई येतेय. सोमवारी नसीमाखाला, मंगळवारी सावंत काकू, बुधवारी आणखी कुणी. युनिफॉर्मला इस्त्री असायची, वेणी घट्ट असायची... पण मला दिसल्या त्या फक्त तीन वेगळ्या बायका.

मी तिला जवळ बोलावून विचारलं, कुठे राहतेस गं? ती हसून म्हणाली, "एव्हरीव्हेअर, मॅम!"

मुलाची देखभाल नीट होत नसल्याची शंका आली तर कळवायचा शाळेचा एक फॉर्म असतो; तो शब्द मी जसाच्या तसा त्यावर लिहिला. हसू लिहिलं नाही.

आमच्याकडे पाचवीला शिकवणारी जूडी आहे. ऑस्ट्रेलियाची, तिथल्या मूळच्या अ‍ॅबोरिजिनल लोकांपैकी. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारीच बसते. तिने स्क्रीनवर पाहिलं आणि विचारलं, "पाठवायच्या आधी त्या बायकांशी बोललीस?"

मी म्हटलं, "पॉलिसी आहे जूडी. मुलीला न्यायला कुणी यायचं, त्या लिस्टवर नाव नाही त्यांचं."

तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "माझ्या आजीला लहानपणी सरकारी माणसांनी असंच घरातून उचलून नेलं होतं. घरात माणसं फार, मुलीला सांभाळणारं नक्की कोण ते कळत नाही, असं लिहिलं होतं. लिहिणाऱ्या बाईचा हेतू चांगलाच असणार." मग तिने सांगितलं, की आता त्यांच्या गावात पूर आला की आधी घरोघरच्या मावश्या-आत्या एकत्र बसतात. कुठलं मूल कुणाकडे झोपेल, कुणाकडे जेवेल, त्याच ठरवतात. सरकारी माणूस नंतर, तेही त्यांना विचारून. "हे मिळवायला आम्हाला फार वर्षं लागली," ती म्हणाली.

मी मान डोलावली. मनात म्हटलं, तुमचं वेगळं, इथलं वेगळं... आणि सेंड केलं.

दुसऱ्या दिवसापासून लिस्टबाहेरच्या कुणाच्याही ताब्यात सनाला द्यायचं नाही, असं ठरलं. नसीमाखाला स्वतःचा एमिरेट्स आयडी हातात धरून तासभर गेटवर उभ्या होत्या. शाळेने रिगवर तिच्या बाबांना फोन लावला. त्यांनी एकच शब्द ऐकला, केस. केस म्हणजे व्हिसा जाणार, नोकरी जाणार... तो माणूस हादरलाच. तीन दिवसांत ओळखीचं एक कुटुंब गावी निघालं होतं, त्यांच्याबरोबर सनाला काकांकडे पाठवून दिलं. आईला हॉस्पिटलमध्ये हे नंतर कळलं.

पुढच्या मीटिंगमध्ये 'वेळीच पाऊल उचलल्याबद्दल' माझं नाव वाचलं गेलं. टाळ्या झाल्या. जूडी आपला कप उचलून बाहेर गेली.

आणि गुरुवारी ती आई माझ्यासमोर बसली होती. मी म्हटलं, "मला वाटलं, सना एकटी पडलीय..."

"एकटी कशी, मॅडम?" आवाज अजिबात चढला नव्हता. "पाणी चढत होतं तेव्हाच आम्ही बायकांनी जिन्यात बसून सगळं ठरवलं. झोपायला नसीमाखालाकडे, तिला त्यांची सवय आहे. अभ्यास सावंत काकू घेणार. शाळेतनं कुणी कधी आणायचं, त्याचे वार वाटून घेतलेले. मी निर्धास्त होते, म्हणून तर बाळाला सांभाळू शकले."

बिल्डिंग शाळेपासून चालत बारा मिनिटांवर आहे. मी एकदाही गेले नव्हते.

सही करताना त्या म्हणाल्या, "आता तिकडेच राहू दे. इथे परत काही झालं तर शाळेतनं तिला कुणाला नेऊ देणार तुम्ही? फोनवर रोज विचारते, अम्मी, माझं काय चुकलं?"

त्या गेल्या. मग संध्याकाळी मी ती बारा मिनिटं चालले. तिसऱ्या मजल्यावर बेल वाजवली, नसीमाखालांनी दार उघडलं. मी कोण ते सांगितलं, सॉरी म्हणाले. शाळेशी बोलेन, लिस्टवर तुमची नावं घालून घेईन, असंही काहीबाही बोलत राहिले...

त्यांनी ऐकून घेतलं. आत जाऊन ग्लासभर पाणी आणून दिलं. बसा म्हणाल्या नाहीत.

मी दारातच उभ्याने पाणी प्यायले आणि ग्लास परत दिला. आमच्या माणसांत आलेल्याला पाणी विचारतात, तेवढं त्यांनी माझ्यासाठीही केलं... त्याहून जास्त मागायचा मला हक्क नव्हता.