रसिलाला मी काय सांगितलं होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, ज्याच्याशी लग्न ठरलंय त्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय — ठाऊक नाही. येत्या सोमवारी तलासरीजवळच्या एका शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू होते आहे, आणि चार दिवस झाले, हातात घेतलेलं एकही काम धड पुरं होत नाही.

मी नरपडची. आई डहाणूच्या बाजारात मासळी विकते. घरात आम्ही मांगेली बोलतो. पहिलीत मी मांगेलीत उत्तर दिलं की बाई हसायच्या, मग अख्खा वर्ग हसायचा. म्हणून डी.एड.ला असताना निबंधात मी लिहिलं — ज्या वर्गात मूल आपल्या घरच्या बोलीत न घाबरता बोलतं, तोच वर्ग चांगला. आमच्या मॅडमनी तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला. मी ते नुसतं लिहिलं नव्हतं हो, मी ते मानत होते. मग असं कसं झालं?

सराव पाठांसाठी मला रानशेतच्या पलीकडे, एका पाड्यावरची शाळा मिळाली. तिसरीचा वर्ग. त्यात रसिला होती. प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारी — तेही वारलीत, उभी राहून, हातवारे करत. तिचं ऐकून बाकीची पोरंही बोलू लागायची. नाचणी कशी दळतात ते तिने एकदा जात्याशिवाय करून दाखवलं, तोंडाने घरघर आवाज काढत. किती हसलो आम्ही!

आणि मग शेवटचा पाठ आला. ज्याचे गुण धरले जाणार होते, तो. मॅडम मागे खुर्ची टाकून बघणार होत्या. मी मुलांकडून उत्तरं घोटून घेतली. सगळ्यांना जमली. रसिला मात्र प्रत्येक वाक्य आपल्या बोलीत फिरवायची आणि वर स्वतःचं काहीतरी जोडायची. दोनदा समजावलं. तिसऱ्यांदा —

मी रागावलेसुद्धा नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. शाळा सुटल्यावर तिला हातपंपाजवळ गाठलं, खाली वाकले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "रसिला, तू आता शाळेत येऊ नकोस हां. बाई सांगतील तेव्हा ये."

तिने मान डोलावली.

पाठ झकास झाला. मॅडमनी हजेरी बघून विचारलं, एक मुलगी दिसत नाही? मी म्हणाले, "घरचे तिला शेतावर नेतात. शाळेची आवडच नाही त्यांना." ठरवलेलं नव्हतं, आपोआप तोंडातून आलं. मॅडमनी मान हलवली — असंच असतं इकडे, अशा अर्थाने. मी त्यांना तसं समजू दिलं.

माझे तिथले दोनच दिवस उरले होते. ती आली नाही. कशी येईल? निरोप मीच द्यायचा होता ना? तिचं घर शाळेपासून दहा मिनिटांवर. तक्ते उतरवायचे होते, वही पूर्ण करायची होती — छे, ते कारण नव्हतंच. तिच्या आईसमोर उभं राहायचा धीर नव्हता.

एवढंच, असं वाटेल तुम्हाला. एवढंच असतं तर मी कधीतरी बोलून मोकळी झाले असते.

महिन्याभराने तलासरीच्या बाजारात त्या दोघी मायलेकी समोर आल्या. रसिला मला बघून थांबली, म्हणून तिची आईही थांबली. तिने सरळ विचारलं, "बाई, ही शाळंत जातच नाय. बोलते, बाईंनीच नको सांगितलं. तुम्ही सांगितलं का?"

सोबत शिकणारी मैत्रीण माझ्या शेजारी उभी होती. रसिला माझ्याकडे बघत होती. घाबरलेली नव्हती ती. आता बाई खरं काय ते सांगतील, असा भरवसा होता तिच्या चेहऱ्यावर.

"नाही हो," मी म्हणाले. "मी कशाला असं सांगेन? काहीतरी बनवून बोलतेय ती."

आईने तिच्या पाठीत धपाटा घातला. मग आणखी एक. रसिला रडली नाही. काहीतरी बोलायला गेली आणि अर्ध्यावर थांबली. मी मैत्रिणीचा हात ओढला — चल, जीप सुटेल.

पुढे तिथल्या गुरुजींनी घरी जाऊन तिला शाळेत आणलं. हे मला फोनवर कळलं, भलत्याच कामाचं निमित्त काढून फोन केला तेव्हा. "येते रोज," गुरुजी म्हणाले. "गप्प असते पण. विचारलं तरच बोलते."

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला.

याला तीन वर्षं झाली. रसिला खोटं बोलत नव्हती, हे तिच्या आईला मी अजून सांगितलेलं नाही.