बोटवाले तात्या आणि आम्ही बटणवाले

बाण मारण्यापेक्षा बाण आणण्यातच आमचा जास्त वेळ जातो. टार्गेटपर्यंत चालायचं, बाण उपटायचे, हुकलेले गवतात शोधायचे. हात कामात असले तरी तोंड मोकळंच असतं. नांदे गावातल्या आमच्या तिरंदाजीच्या रेंजवर किस्से साठतात ते असे.

रेंज म्हणजे तात्यांचं वावर. आमचं बघून तात्यांनीही कंपाउंड बो घेतला, म्हणजे आमच्यासारखंच टोकांना चाकं असलेलं धनुष्य, पण जुनं आणि लांबलचक. आम्ही सगळे दोरी रिलीजने ओढतो. मनगटाला पट्टा, पट्ट्याला हुक, बोटाखाली ट्रिगर. तात्या मात्र बोटांनीच! त्यामुळे आमच्यातल्या वैदेहीचे बाण वाटीभर जागेत बसतात, तात्यांचे ताटभर. पण ऐकतील तर शपथ!

"बटन दाबूनच मारायचं तर लिफ्ट चालवा की! हितं कशाला येताय?"

*

मी रिलीज नवीन घेतला तेव्हा ओढता ओढताच बोट ट्रिगरवर गेलं. दोरी सुटली आणि माझीच मूठ माझ्या जबड्यावर!

घरी बायकोने विचारलं, "कोणी मारलं?"

"मीच."

"बरं केलंत."

तात्या अजून नव्या माणसाला आधी माझा जबडा दाखवतात, मग टार्गेट.

*

वैदेही आयटीतली, जवळच्या माण गावात भाड्याच्या खोलीत राहते. एकदा घाईत पट्टा मनगटावर तसाच ठेवून ऑफिसला गेली. मीटिंगमध्ये मॅनेजरचं भाषण लांबलं आणि हिचा ट्रिगर सुरू झाला, टिक्, टिक्! मॅनेजर बिचकला, मीटिंग आटपली. आता ती पट्टा मुद्दाम घालून जाते.

*

एकदा तात्यांनी तिचा बो मागून घेतला. हल्लीचे बो आखूड, ओढले की दोरी अशी दुमडते की बोटं चिमटतात. तिने बजावलं होतं. तात्यांनी ओढला आणि ओरडले, "धनुष्य हाय का अडकित्ता!" त्या दिवशी चहाचा ग्लास डाव्या हातात होता.

पुढे काही दिवसांनी, आम्ही पोचायच्या आधीच टार्गेटवर नवी भोकं दिसायला लागली. अगदी मधोमध, वाटीभर जागेत.

"उंदरं हायेत," तात्या म्हणाले. "लई झाल्यात."

*

मग आली जिल्ह्याची निवड चाचणी. मागच्या वेळी वैदेही थोडक्यात हुकली होती आणि वर्षभर तिने दुसरा विचार केला नव्हता. मी गाडी काढली, तात्या "पोरीला बघाया" म्हणून बसले.

शेवटच्या फेरीआधी तिच्या रिलीजचा हुक तुटला. दुसरा राहिला खोलीवर, माझा घरी. बोटांनी मारावं तर अडकित्ता! ती नुसती हातातल्या धनुष्याकडे बघत उभी राहिली. मला फार वाईट वाटलं.

तात्यांनी बंडीच्या खिशातून एक रिलीज काढला. पट्टा घामाने काळा पडलेला, एकच भोक ताणून मोठं झालेलं.

"तात्या, हा कोणाचा?"

"आदी मार!"

पट्टा तिला सैल होता, तिने खाली रुमाल गुंडाळला. पहिला बाण जरा वर गेला. बाकीचे वाटीभर. निवड झाली!

परतताना गाडीत वैदेही तो पट्टा उलटसुलट करून बघत होती. तात्यांनी तो तिच्या हातातून घेतला आणि खिशात टाकला.

"उंदरांचा हाय. परत द्याया लागंल."