आठ वाट्यांची एक वाटी

आमच्याकडे अजूनही कुणाचं पोट बिघडलं की मला कुड्याच्या सालीचा काढा करायला सांगतात. थोरल्या काकूच्या, म्हणजे माझ्या, माहेरचा काढा, असं त्याचं नाव पडलंय. ते मी पडू दिलं. कसं, ते आता लिहून टाकते.

मी लग्न होऊन कल्याणला आले तेव्हा स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. त्याच वर्षी मामंजींना, म्हणजे सासऱ्यांना, आव लागली. ते ठाकुर्लीला नोकरीला होते. रजा संपत आलेली आणि अंगात स्टेशनपर्यंत चालायचं बळ नाही. ह्यांना अजून नोकरी लागायची होती, धाकटे दीर शाळेत. मामंजी रजा संपायच्या आत उभे राहिले पाहिजेत, एवढी एकच गोष्ट घरात सगळ्यांच्या डोक्यात होती.

तळ्याच्या बाजूला एक म्हातारे वैद्य राहायचे. त्यांनी साल दिली आणि कृती सांगितली. मूठभर भरड, आठ वाट्या पाणी, मंद आच, झाकण ठेवायचं नाही, एक वाटी उरली की उतरवायचं. अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. रोज ताजा. ते काम माझ्याकडे आलं. आठवड्याभरात मामंजी ओटीवर येऊन बसायला लागले.

पण घरात शेगडी एकच. काढा आटेपर्यंत अर्धी सकाळ जायची, स्वयंपाक रखडायचा. शिवाय मला घाई झालेली. एवढ्याने इतका गुण येतो तर दाट केल्यावर किती येईल, असं मनात आलं. एका रविवारी मी चार दिवसांची साल मोठ्या पातेल्यात एकदम घातली. चार वाट्या उरायला हव्या होत्या, मी दोनच उरवल्या. काळाभोर, चमच्याला धरून राहणारा काढा झाला. सासूबाई म्हणाल्या, आज कसा कसदार दिसतोय. दिला मात्र नेहमीएवढाच, अर्धी वाटी.

"डांबर पाजतेस की काय गं मला?" मामंजी म्हणाले आणि डोळे मिटून प्यायले.

दोन दिवसांत त्यांचं पोट फुगून दगडासारखं झालं. शौचाला होईना, उलट्या सुरू झाल्या, उठलं की चक्कर. सासूबाई मला घेऊन तडक वैद्यबुवांच्या दारात. ओसरीवर माणसं बसलेली होती, त्यांच्यादेखत त्या म्हणाल्या, "जुलाब थांबवायला सांगितलं होतं. माणूस थांबवायला नाही."

काढा किती आटवता, एवढंच वैद्यबुवांनी विचारलं.

"तुम्ही सांगितलात तेवढाच. आमची सूनबाई मापाला चुकायची नाही."

वैद्यबुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे बघत राहिले. लग्नाला वर्ष झालेलं नव्हतं, चार परकी माणसं समोर होती. ही कारणं खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. बोलायची वेळ तीच होती.

काढा बंद केल्यावर पोट मोकळं झालं आणि आव परत आली. त्या म्हाताऱ्याचं औषध पुन्हा या घरात येणार नाही, असं मामंजींनी सांगून टाकलं. रजा तर सरत चाललेली. तेव्हा मी मनाचा हिय्या केला. देवळात जाते म्हणून निघाले ती वैद्यबुवांकडे गेले आणि केलं ते सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत.

"आटवताना पाणी उडतं मुली, औषध मागे राहतं," ते म्हणाले. "निम्म्या पाण्यात तेवढीच साल म्हणजे अर्ध्या वाटीत दुप्पट गेली. घट्ट केलास तर घोट लहान कर."

चार दिवस ठेवलेला काढा आंबतो, हेही त्यांनीच सांगितलं. आणि रंगावर जाऊ नकोस म्हणाले. कुठलंही लाकूड उकळलं तरी पाणी काळं होतं. जुनी, कस गेलेली साल कितीही आटवली तरी तिच्यात नाही ते कुठून येणार? साल जिभेवर लावून बघायची, कडू लागली तर घ्यायची. मला त्यांनी ताजी साल बांधून दिली. घरी काय सांगायचं ते तुझं तू बघ, म्हणाले.

खरं सांगितलं असतं तर मामंजींनी त्यांचा काढा पुन्हा घेतला असता. मी दुसरी वाट धरली. माझं माहेर ठाण्याचं. दोन दिवस तिकडे जाऊन आले आणि ही साल आईने दिली, आमच्यात असाच काढा करतात, असं सांगितलं. मग रोज आठ वाट्या मोजून घातल्या, रोज एक उरवली. स्वयंपाक रखडला तर रखडू दिला. मामंजी बरे झाले, रजा संपली त्या दिवशी कामावर गेले.

सासूबाई आळीत सांगत सुटल्या, वैद्याने बिघडवलेलं सुनेच्या माहेरच्या काढ्याने निस्तरलं. वैद्यबुवांच्या ओसरीवरची गर्दी पातळ होत गेली. साल संपल्यावर मी पुन्हा त्यांच्याकडे गेलेले. त्यांनी दिली, एका शब्दाने विचारलं नाही. पुढे ते वारले. मग मामंजी, मग सासूबाई. आता सांगायचं तरी कुणाला, अशी मी स्वतःची समजूत घातली.

मागच्या महिन्यात धाकटी जाऊ आली. तिच्या मुलाला आव लागलेली, परीक्षा तोंडावर. तिच्या हातात कुड्याच्या तयार अर्काची बाटली होती. म्हणाली, "ताई, तुम्हाला आटवायचा त्रास नको म्हणून ही आणली. तुमच्या माहेरच्या काढ्यासारखीच द्यायची ना, अर्धी वाटी?"

मी बाटली तिच्या हातातून काढून घेतली. नुसतं नको म्हटल्याने ती थांबली नसती, घरी जाऊन दिलीच असती. मी तिला बसवलं आणि दोन वाट्यांपासून ठाण्यापर्यंत सगळं सांगितलं. मग आम्ही दोघींनी मिळून बाटलीवरचा कागद वाचला. एका वेळेला एक चमचा होता, तोही पाण्यातून.

तिने बाटली पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "सासूबाईंनी तर वैद्याने बिघडवलं असं गावभर केलं होतं हो."

"हो," मी म्हटलं. "आता हे तू गावभर कर."