सतरा मोटरींचा कीर्तनकार

यंत्राला काहीही चिकटवलेलं मला खपत नाही. गाडीच्या मागच्या काचेला लटकणारी बाहुली, फ्रिजच्या दारावरची प्लास्टिकची केळी, टीव्हीच्या डोक्यावर घातलेला क्रोशाचा रुमाल, हे दिसलं की माझं डोकं उठतं. यंत्र जसं आहे तसंच चांगलं दिसतं हे माझं ठाम मत होतं आणि कुणी विचारलं नाही तरी मी ते सांगत असे. असा मी चेन्नईला घरमालकांच्या हॉलमध्ये मांडी घालून हातभर उंचीच्या यंत्रमानवाला धोतर नेसवत बसलो होतो. माझ्यावर ही वेळ कशी आली ते सांगायला हवं.

मी मूळचा मिरजेचा. चेन्नईबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात टूलरूममध्ये डिझाइनचं काम करत होतो आणि वेस्ट मांबलममध्ये एका जुन्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत राहत होतो. त्या वर्षी कंपनीने आम्हा चौघांना चार महिने कोरियात ट्रेनिंगला पाठवलं. बाकीच्यांनी येताना कॅमेरे आणले. मी एक खोकं आणलं. त्यात सतरा छोट्या मोटरी, ॲल्युमिनियमच्या वाकवलेल्या पट्ट्या, पुड्यांमध्ये बांधलेले स्क्रू आणि कोरियन भाषेतली पुस्तिका होती. हे सगळं नीट जोडलं की एक माणूस तयार होतो. तो चालतो, बसतो, पडला तर स्वतः उठतो. कस्टममधल्या साहेबांनी ‘खेळणं का?’ असं विचारलं होतं, त्याचा राग मला आठवडाभर पुरला.

घरमालक रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले होते. ते मूळचे तंजावरचे, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहून घरात मराठी बोलणारे. त्यांचं मराठी ऐकलं की कुणीतरी जुनी बखर वाचतंय असं मला वाटे, आणि माझं ऐकून मी भांडतोय असं त्यांना वाटे. इथे सगळेच घरमालकांना मामा-मामी म्हणतात, तसं मीही म्हणायचो. मामाच्या मुलीवर आपला हक्क असतो असं आमच्याकडे मानतात, ते मात्र मी मनात ठेवलं होतं. कारण मामांची मुलगी शाळेत गणित शिकवायची, आणि तिचं नि माझं जमलं होतं.

मामांना ते कळलं होतं, पण निवृत्त माणसाच्या शहाणपणाने ते न कळल्यासारखं करत. अडलं होतं मामींपाशी. त्या मुलीला एकदाच, पण स्पष्ट म्हणाल्या होत्या, “वरच्या मुलखाची माणसें ही. आज इथे, उद्या बदली आली की गाठोडें बांधतील. एकच लेक आहे मला.” त्यावर तिने वाद घातला नाही. तिने मला सांगून टाकलं की आईच्या मनाविरुद्ध ती काही करणार नाही, आणि आईचं मन कसं वळवायचं ते मीच बघावं. मन वळवणं हा माझा प्रांत नव्हे. मी लोखंडात काम करणारा माणूस.

खोलीत इतकं उकडायचं की स्क्रू बोटांतून निसटायचे. म्हणून मामांनी मला जोडणीसाठी खाली हॉलमध्ये बोलावलं. तीन रविवार आम्ही दोघं पंख्याखाली बसलो. मामा पुस्तिकेतली चित्रं भिंगातून बघत आणि म्हणत, “सेक्शन व्ह्यू चुकीचा काढिला आहे हो यांनी.” तिसऱ्या रविवारी यंत्रमानव उभा राहिला, त्याने एक पाऊल पुढे टाकलं, आणि मामांनी टाळी वाजवली. मुलगी दारातून म्हणाली, “छान आहे, पण पाहून भीति लागते. सोललेला माणूस वाटतो.”

मला तर तो तसाच आवडत होता. पण चेन्नईतल्या मराठी लोकांचा वार्षिक मेळावा जवळ आला होता आणि मामांनी मला न विचारता तिथे सांगून टाकलं होतं की यंदा आमचा यंत्रमानव रंगमंचावर येणार. आणि लोकांपुढे यायचं म्हणजे उघडं कसं येणार?

“काही घालायचं नाही,” मी म्हणालो.

“सेरी,” मामा म्हणाले. या माणसाची सेरी म्हणजे ‘बरं’ असते, ‘हो’ नव्हे, हे मला तोवर कळलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पूर्ण मापाचं ड्रॉइंग काढून ठेवलं होतं, तीन बाजूंनी. पगडी, अंगरखा, उपरणं, धोतर, हातात चिपळ्या. तंजावरच्या मराठी घरांत कीर्तनाचं वेड जुनं. मामांनी लहानपणी ऐकलेले कीर्तनकार त्यांना अजून पावलापावलासकट आठवत होते. त्यांनी हॉलमध्ये उठून एक पाय मागे घेऊन गिरकी मारून दाखवली आणि धाप लागून खुर्चीत बसले. त्यानंतर मला नाही म्हणवेना. त्या दिवसापासून त्या यंत्राला घरात सगळे बुवा म्हणायला लागले.

रंगाच्या बाबतीत मी अडून बसलो. रंग दिला तर तो सांध्यांपाशी घासून निघणार. मी पट्ट्या सुट्या करून गिंडीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेलो. तिथे ॲल्युमिनियमला ॲसिडच्या टाकीत बुडवून रंग धरवतात, तो निघत नाही. मालकाने पट्ट्या उलटसुलट करून कुठल्या गाडीच्या आहेत ते विचारलं. कीर्तनकाराच्या आहेत हे तमिळमध्ये कसं सांगायचं ते मला सुचेना. नवीन मॉडेल आहे, असं म्हणून मी सुटलो. पट्ट्या घासलेल्या पितळी घागरीच्या रंगाच्या होऊन आल्या आणि, कबूल करतो, बुवा देखणे दिसायला लागले.

खरा तमाशा त्यानंतर सुरू झाला. हा माणूस चालतो तो तोलावर. कुठलीही वस्तू अंगावर चढवली की तोल बदलतो आणि कॉम्प्युटरवर त्याची चाल पहिल्यापासून बसवावी लागते. मामांनी कागदाच्या लगद्याची पगडी केली, तिला सोनेरी वर्ख लावला, खडे लावले. अप्रतिम झाली. ती घालून बुवांनी पहिलं पाऊल टाकलं आणि सरळ उताणे पडले. मी पगडी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली आणि मामांना ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब ऐकवला. मग त्यांनी मुकाट्याने थर्माकोल कोरून दुसरी केली. ती फुंकर मारली तर उडेल इतकी हलकी होती. वर्ख मात्र त्यांनी सोडला नाही. अंगरख्याने मोटरी तापायला लागल्या म्हणून मुलीने तो मलमलचा शिवला आणि काखेत भोकं ठेवली. चिपळ्या पिस्त्याच्या टरफलांच्या केल्या. त्या अगदी खणखणीत वाजत.

आणि धोतर. धोतर मी नेसवत होतो, कारण तोवर बुवांच्या अंगाला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला चालत नव्हता. कापड गुडघ्यात अडकायचं, मोटर कुरकुरायची आणि बुवा नमाज पढायला बसल्यासारखे पुढे झुकायचे. चौथ्यांदा हे झालं तेव्हा मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. इतके दिवस त्या कॉफी ठेवून जात, माझ्याशी एक शब्दही बोलत नसत. त्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

“अय्यो, हें काय नेसवणें आहे? पोत्याचें तोंड बांधतोस काय? सर बाजूला.”

मी सरलो. त्यांनी मामांचं जुनं, मऊ पडलेलं अंगवस्त्र आणलं, त्याची जरीची बारीक किनार उसवून घेतली आणि धोतराचे दोन वेगळे पाय शिवले. गुडघ्याला मागून फट ठेवली आणि समोरून निऱ्या अशा सोडल्या की फट दिसू नये. शिवताना त्यांनी बुवांचा पाय दोनदा-तीनदा वाकवून पाहिला, बाळाला झबलं घालताना पाहतात तसा. बुवा चालले. एकदाही अडकले नाहीत. माझ्या तोंडून “वा!” निघून गेलं.

मामी सुईत दोरा ओवत म्हणाल्या, “तू परत जाशील ना तिकडे? कधीतरी?”

हॉलमध्ये आम्ही दोघंच होतो. इथे कुठल्याही शहाण्या माणसाने ‘छे, कधीच नाही’ असं म्हटलं असतं. मी म्हणालो, “माहीत नाही, मामी. नोकरी आहे. खोटं सांगत नाही.”

त्यांनी मान हलवली आणि दोरा तोडून आत गेल्या. संध्याकाळी मुलीला हे सांगितलं तर तिने कपाळावर हात मारून घेतला. आता सगळं संपलं, असं मी धरून चाललो आणि पुढचे आठ दिवस बुवांच्या गिरकीच्या मागे लागलो, कारण निदान तेवढं तरी माझ्या हातात होतं.

मेळाव्याच्या सकाळी बुवा सहा वेळा चालले, सहा वेळा गिरकी घेतली, सहा वेळा नमस्कार केला. मी त्यांना उपरणं घालून स्टुलावर ठेवलं आणि अंघोळीला वर गेलो. मग सगळे मिळून मेळाव्याच्या हॉलवर गेलो. बँकेतले, रेल्वेतले, कारखान्यांतले लोक बायकामुलांसकट आले होते. मामा लुंगीसारखी पांढरीशुभ्र वेष्टी नेसून माइकसमोर उभे राहिले आणि कीर्तनाबद्दल इतकं सुंदर बोलले की लोक पुढे सरकून बसले. मग ते बाजूला झाले आणि मी रिमोटचं बटण दाबलं.

काही झालं नाही. परत दाबलं. जवळ जाऊन दाबलं. पुढच्या रांगेतला एक लहान मुलगा मोठ्याने म्हणाला, “बॅटरी पोच्चु!” बॅटरी गेली म्हणे, आणि लोक हसले. बॅटरी ठीक होती, पाठीवरचा हिरवा दिवा जळत होता. मी रिमोटचे सेल बदलले, उपरणं काढलं, अंगरखा सोडला. लोक आता हसायचे थांबले होते, आणि ते जास्त वाईट होतं. माझ्या कानांतून वाफा निघायला लागल्या आणि मामा माइक घेऊन जवळ आलेत हेही न बघता मी ओरडलो, “मी पहिल्यापासून सांगत होतो, त्याला काही घालू नका! ही सगळी नटवानटव कुणी सांगितली होती?”

ते अख्ख्या हॉलने ऐकलं. मामांचा चेहरा उतरला. पहिल्या रांगेत मामी बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून, आणि माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या बोटांनी त्या निऱ्या बसवल्या होत्या. माझी मलाच इतकी लाज वाटली की खाली बघण्यासाठी म्हणून मी बुवांना उचलून तोंडासमोर धरलं.

बुवांच्या कपाळावर मण्याएवढी एक काळी काच होती. टीव्हीला असते तशीच. रिमोटचा न दिसणारा प्रकाश तिच्यातूनच आत जातो. ती झाकली जाऊ नये म्हणून तर मामांनी पगडी मागे सरकवून बसवली होती. ती काच एरवी चकचकायची. आज ती चकचकत नव्हती. मी तिच्यावरून बोट फिरवलं. बोट काळं झालं, तेलकट काळं. मी वास घेतला. काजळ.

“तें मी लावलें,” मामी म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. “सकाळी, तू वर गेलास तेव्हां. तीट. इतके लोक पाहणार, दृष्ट लागली असती.”

“मशीनला?” मी म्हणालो. माझा आवाज अजून रागातलाच होता. “मशीनला कशी दृष्ट लागेल, मामी?”

मामी पायऱ्या चढून वर आल्या. मला वाटलं, आता माझ्या तोंडावर चार शब्द मारून त्या घरी निघून जातील, आणि ते बरोबरच होईल. मी “चुकलो” असं पुटपुटलो. त्यांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी माझ्या हातातले बुवा घेतले, पदराने ते कपाळ स्वच्छ पुसलं आणि त्यांना टेबलावर उभं केलं. मग माझा हात धरला, माझ्या बोटावरचं काजळ आपल्या बोटावर घेतलं.

“खरें तेंच बोलतोस तू, त्या दिवशींही बोललास. मशीनास कशाला दृष्ट लागते,” त्या म्हणाल्या. “ज्याला लावायचें त्याला लावलें नाही, तें माझें चुकलें. वाक.”

मी वाकलो. मिरजेहून चेन्नईपर्यंत मला कुणी वाकायला लावलं नव्हतं, पण मी वाकलो. त्यांनी सगळ्यांसमोर माझ्या कानामागे तीट लावली, घरातल्या मुलाला लावतात तशी. हॉलमधल्या बायकांना ते माझ्या आधी कळलं. एकीने हळूच टाळी वाजवली, मग दोघीतिघींनी वाजवली. मामा माइक हातात घेऊन उघड्या तोंडाने बघत होते.

“चालव आता त्याला,” मामी म्हणाल्या आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

मी बटण दाबलं. बुवांनी पाऊल टाकलं, चिपळी वाजवली, गिरकी घेतली आणि नमस्कार केला, असं सगळे सांगतात. मी ते पाहिलं नाही. तिसऱ्या रांगेत मामांची मुलगी ओढणी तोंडाशी धरून हसत होती, रडत होती, आणि मला काहीच नीट दिसत नव्हतं. ते काजळ मी दोन दिवस धुतलं नाही.