पायाखालचं पाणी

पेंटरला सगळे पेंटरच म्हणत. त्याची बायकोसुद्धा "अहो पेंटर, ताट वाढलंय" अशीच हाक मारायची. तिला सगळी वस्ती सिस्टर म्हणायची, म्हणून तोही सिस्टरच म्हणायचा. घरातल्या दोन्ही माणसांची खरी नावं फक्त विजेच्या बिलावर आहेत, असं त्यांची लेक पाहुण्यांना हसून सांगायची.

पेंटरनं जन्मभर पाट्या रंगवल्या. दुकानांच्या, शाळांच्या, वकिलांच्या, 'येथे गाडी लावू नये' अशा भिंतींवरच्यासुद्धा. पुढे छापील फलक आले आणि त्याचं काम आटलं. त्याआधीच रंगांनी आणि टर्पेंटाइननं त्याच्या नाकाची वाट लावली होती. "ह्यांच्या शेजारी मेलेला उंदीर ठेवा, ह्यांचा घास अडायचा नाही," असं सिस्टर म्हणायची. तिचं स्वतःचं नाक मात्र तिखट. मोठ्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डावर तिनं उभी हयात काढली होती. कुठल्या खाटेवरची चादर बदलायला हवी ते तिला दारातूनच कळायचं. नव्यानं आलेल्या मुलींना ती शिकवायची ती एकच गोष्ट, की चादर बदलताना माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत राहायचं, चादरीकडे बघायचं नाही. माणसाला ओशाळं वाटलं की औषध लागू पडत नाही, असं तिचं म्हणणं.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी सिस्टर विसरायला लागली. आधी किल्ल्या साखरेच्या डब्यात सापडल्या, मग गॅस चालू राहायला लागला, मग फोनवर लेकीचा आवाज ओळखेना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. पुढे काय काय होत जाईल तेही सांगितलं, आणि त्यात एक दिवस लघवीवरचा ताबा जाईल हेही होतं. 

सगळ्यात वाईट वेळ दुपार कलल्यावरची. तिला ड्युटीवर जायचं असायचं. दाराची कडी हलवत ती रडकुंडीला यायची. वॉर्ड उघडा पडलाय, बायका वाट बघतायत, मला सोडा. एकदा काहीच सुचेना म्हणून पेंटरनं तिला गाडीत घातलं. त्यांची छोटी जुनी गाडी होती, तिचा रंग पेंटरनं स्वतः दोनदा दिलेला. गाडी सुरू झाली आणि सिस्टर हात मांडीवर ठेवून शांत बसली. मग तोच शिरस्ता पडला. दवाखान्यावरून वळसा घालून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं आणि बाजारातून परत यायचं. बाजारात पेंटरच्या हातच्या काही पाट्या अजून टिकून होत्या. नावं विसरलेली सिस्टर अक्षरं विसरली नव्हती. खिडकीतून बघत ती मोठ्यानं वाचायची: "चष्मे दुरुस्त करून मिळतील." "आत येताना पायरी आहे." कधी पेंटरकडे वळून म्हणायची, "अक्षर चांगलंय हो. कुणाचं आहे?" तो म्हणायचा, "आहे एक येडा." तिला हसू यायचं. दिवसातला तेवढा तास पेंटरला पुरायचा.

अशातच गाडी तापायला लागली. इंजिनाच्या पाण्याचा काटा चढायचा, झाकण उघडावं तर पाणी खाली गेलेलं. पेंटर बाटलीनं भरायचा, चार दिवसांनी पुन्हा तेच. गाडी उभी असायची तिथे जमिनीवर मात्र एक थेंब नसायचा. घराजवळच्या गॅरेजवाल्यानं एक रबरी पाइप बदलून दिला. पाणी जायचं ते जातच राहिलं. दुसऱ्यानं पंप बदलला, पाठीवर हात मारून "आता निर्धास्त फिरा" म्हणाला. तरीही पाणी जातच होतं. तिसऱ्यानं नुसतं बॉनेट उघडून बंद केलं आणि सांगितलं की पाणी इंजिन पितंय, सगळं खोलावं लागेल, गाडी महिनाभर ठेवून जा. महिनाभर! पेंटरला गाडीचं सोडा, पण त्या महिनाभराच्या दुपारी दिसल्या. तो गाडी घेऊन परत आला आणि बाटली भरत राहिला. इंजिन थंड ठेवणाऱ्या हिरव्या कूलंटच्या जागी आता नुसतं नळाचं पाणी खेळत होतं.

त्याच दिवसांत केव्हातरी सिस्टरच्या पायाखालचा गालिचा ओला दिसला. तिचे पायमोजे ओले, गाऊनचा खालचा काठ ओला.  डॉक्टर म्हणाले होते ते आलं, एवढंच पेंटरच्या मनात आलं. सीट कोरडी होती. पण सीटवर रेक्झिनचं कव्हर होतं, त्यावरून घसरून खाली गेलं असणार, असं त्यानं धरलं. वास घ्यायला त्याच्याकडे नाक नव्हतं. खरं तर त्यानं फार विचारच केला नाही. थकलेल्या माणसाला तयार उत्तर मिळालं की तो पुढे बघत नाही.

सिस्टरनं पाय उचलून खाली पाहिलं आणि म्हणाली, "हे माझं नाही."

"असू दे," पेंटर म्हणाला.

"मी नाही केलं."

"बरं, नाही केलंस." असं म्हणत त्यानं फडकं आणलं आणि तिच्या पायांशी वाकून पुसून काढलं.

पहिल्या वेळी तो असा सांभाळून बोलला. पण ते रोजचंच झालं. तिला निघण्याआधी बाथरूमला नेलं तरी परत येताना गालिचा ओला. मग त्यानं औषधांच्या दुकानातून मोठ्या माणसांचे डायपर आणले. सिस्टर घालून घेईना. ती त्याचे हात धरायची, ढकलायची, एकदा चावलीसुद्धा. तीन-तीन वेळा तेच ते झाल्यावर एका दुपारी पेंटरचा तोल गेला. तिची दोन्ही मनगटं एका हातात धरून तो ओरडला, "खोटं का बोलतेस? रोज मी पुसतोय ते काय आभाळातून पडतं का?"

 सिस्टरनं अंग सैल सोडलं. त्यानं जे करायचं ते करून घेतलं.

त्यानंतर तिनं कधी विरोध केला नाही. गाडीत बसायची, पण खिडकीबाहेर बघायची नाही. मान खाली घालून पायांकडे बघत राहायची. पाट्या वाचणं थांबलं. पेंटरला वाटलं, आजार पुढे सरकला. लेकीनं फोनवर विचारलं तेव्हा त्यानं तेच सांगितलं, की आता अक्षरंही गेली. डायपर घालूनही गालिचा ओला कसा, हे त्याला एकदोनदा खटकलं. पण बांधायला नीट जमत नसेल म्हणून त्यानं स्वतःलाच दोष दिला आणि सीटखाली जुन्या चादरीची घडी घातली.

हळूहळू सिस्टरनं घरातही बाथरूमकडे जाणं सोडलं. पूर्वी ती निदान उठायची, दारापर्यंत जायची. आता बसल्या जागी व्हायला लागलं. बांधलेलंच आहे तर कशाला उठायचं, असंही तिला कुठेतरी वाटलं असेल. ते कुणाला कळणार?

लेक दोन दिवसांसाठी येऊन गेली, त्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी रस्त्यात तापून बंद पडली. दवाखान्याची अ‍ॅम्ब्युलन्स चालवणारा सिस्टरचा जुना ओळखीचा तिथून चालला होता. त्यानं धक्का मारून गाडी कडेला घेतली आणि सांगितलं, "आमच्या गाड्या रस्त्यात थांबून चालत नाहीत, म्हणून आम्ही एकाच माणसाकडे जातो. तोंडाचा फटकळ आहे आणि वेळ लावतो. पण कळलं नाही तर कळलं नाही म्हणतो."

त्या मिस्त्रीला लोक 'बघू' म्हणायचे. काहीही विचारा, त्याचं उत्तर "बघू". होईल का? बघू. आज मिळेल का? बघू. त्याची बायकोही म्हणे लग्नाच्या बोलणीत "बघू" ऐकूनच घाबरली होती. गॅरेज म्हणजे एका गोदामाच्या मागचा पत्रा, खाली तेलानं काळी झालेली फरशी. पेंटरनं आधीच्या तिघांची कर्मकहाणी सांगितली. बघूनं ती पुरती ऐकलीही नाही. गाडी ठेवून जा म्हणाला. पेंटर म्हणाला, ते जमणार नाही, आमची ही गाडीशिवाय राहत नाही. बघूनं आत बसलेल्या सिस्टरकडे पाहिलं. "मग बसू द्यात त्यांना. मला काही अडचण नाही."

त्यानं रेडिएटरच्या तोंडाला हातपंप जोडला. वर दाब दाखवणारं छोटं घड्याळ होतं. हवा भरली की आतल्या पाण्यावर दाब येतो, आणि कुठे गळत असेल तर काटा उतरतो, असं त्यानं सांगितलं. काटा उतरत होता. बघू टॉर्च घेऊन खाली झोपला, बॉनेटमध्ये डोकं घातलं, बोटानं एकेक सांधा चाचपला. सगळं कोरडं. तो उठून उभा राहिला आणि बराच वेळ नुसता काट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाहेर गळत नाही. म्हणजे आत गळतंय. आत कुठं, ते बघू."

आणि तो सिस्टरच्या बाजूचं दार उघडून वाकला. "आई, पाय जरा वर घ्या."

सिस्टरनं घाबरून पाय वर घेतले. अलीकडे तिच्या तोंडून शब्द क्वचित निघत होता. पण आता ती हळूच म्हणाली, "मी नाही केलं."

बघूनं गालिचा उचलला, खाली हात घातला, ओली बोटं नाकाशी नेली. "नाही हो आई," तो म्हणाला, "तुम्ही कशाला कराल? हे गाडीनं केलंय."

पेंटर दुसऱ्या बाजूला दाराला धरून उभा होता. त्याला आधी नीट कळलंच नाही. बघूनं त्याला खाली वाकायला लावून दाखवलं. डॅशबोर्डच्या आत हिटरची छोटी जाळी असते. इंजिनाचं गरम पाणी तिच्यातून फिरतं. ती जाळी फुटली होती आणि थेंब थेंब पाणी बरोबर सिस्टरच्या पायांवर उतरत होतं. "आधीच्यांनी फसवलं नाही तुम्हाला," बघू म्हणाला, "ते बाहेर शोधत बसले. ही जागा सहसा कुणी बघत नाही. कधीपासून ओलं आहे हे? तुमच्या लक्षात नाही आलं?"

पेंटरनं सीटखालची चादरीची घडी ओढून बाहेर काढली. बघूनं विचारलं, हिटर लागतो का. तो नाही म्हणाला. मग जाळी बदलायला सगळा डॅशबोर्ड उतरवायची गरज नाही, असं म्हणून बघूनं इंजिनाकडचे दोन पाइप एकमेकांना जोडून जाळी वगळून टाकली. काम उजेडातच उरकलं. तेवढा सगळा वेळ सिस्टर पाय वर घेऊन बसली होती. आता खाली ठेव, असं तिला सांगायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

घरी आल्यावर पेंटर तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिचे पाय पुसले, कोरडे मोजे चढवले आणि म्हणाला, "सिस्टर, तू खरं सांगत होतीस. मी चुकलो." तिनं त्याच्या केसांकडे पाहिलं. त्यानं पुन्हा सांगितलं, मग पुन्हा, जरा मोठ्यानं. तिला ते कशाबद्दल आहे हे उमगलं नाही. पेंटरला वाटत होतं, महिन्यापूर्वी सांगितलं असतं तर कळलं असतं. कदाचित कळलंही नसतं. पण ते आता ठरवायला काही साधन नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं डायपर काढून टाकले. ठरावीक वेळानं तिला धरून बाथरूमला न्यायचा, नळ सोडायचा, बाहेर उभा राहायचा. काही होत नसे. परत आणून खुर्चीत बसवलं की खुर्ची ओली. गादी ओली. आता ते तिचंच होतं. हे अनेक दिवस चाललं. शेवटी लेकीनं फोनवर समजावलं, "बाबा, हे आज ना उद्या व्हायचंच होतं. डॉक्टर म्हणालेच होते ना." पेंटर "हो" म्हणाला. लेकीचं खरं होतं. पण 'आज' आणि 'उद्या' यांच्यामध्ये तिचे काही महिने होते. ते त्यानं ओढून घेतले होते. हे त्यानं लेकीला सांगितलं नाही.

गाडीचे फेरे चालू राहिले. गालिचा कोरडा होता, काटा जागच्या जागी. सिस्टर मान खाली घालूनच बसायची. पुढे तिला बसणंही जमेना. हिवाळा सरता सरता, छातीत कफ भरून, तिच्याच जुन्या वॉर्डात ती गेली. चादर बदलणाऱ्या मुली पेंटरच्या ओळखीच्या नव्हत्या.

बऱ्याच दिवसांनी पेंटर ऑइल बदलायला म्हणून बघूकडे गेला. बघूनं विचारलं, "आई नाही आल्या?" पेंटरनं सांगितलं. बघूनं फडक्यानं हात पुसले आणि एक डबा उलटा करून पुढे सरकवला. पेंटर बसला. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं सगळं सांगून टाकलं. ओला गालिचा, डायपर, धरलेली मनगटं. आवाज चढवून बोललेलं वाक्यसुद्धा जसंच्या तसं.

बघूनं फडकं पुन्हा हातात घेतलं. "मला काय माहीत होतं, पेंटरकाका," तो म्हणाला. "मी आपला गाडीबद्दल बोललो."

"तेच तर," पेंटर म्हणाला. "तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. ते तुमच्या तोंडून झालं. माझ्या नाही."

 यावर मिस्त्री "बघू"ही म्हणाला नाही. त्यानं जुनं ऑइल खाली सोडलं. काळी धार घमेल्यात पडत होती, आणि ती थांबेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिले.