नाकाखालची जागा

आईच्या पंचाहत्तरीला काहीतरी वेगळं करायचं, हे खूळ माझंच. भावाचा बेत साधा होता. हॉल घ्यावा, औक्षण करावं, लोकांना पोटभर जेवू घालावं आणि घरी पाठवावं. पण मी पडले शेंडेफळ, त्यात ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारी. एका कार्यक्रमात मी फोटोंची भिंत पाहून आले होते. येईल त्या पाहुण्याचा फोटो काढायचा, काडेपेटीएवढं स्टिकर छापायचं आणि भिंतीवरच्या ठरलेल्या चौकोनात चिकटवायचं. जवळून नुसते चौकोन. लांबून पाहिलं की सगळ्यांचा मिळून एकच मोठा चेहरा.

आईनं आधी उडवूनच लावलं. "माझं थोबाड भिंतीवर कशाला? पाखरं हाकायचीत व्हय?"

दोन दिवसांनी शेंगा फोडता फोडता तिनंच विषय काढला. आईचं माहेर गगनबावड्याकडचं. ती सात वर्षांची असताना तिचे वडील गेले. त्यांचा एकही फोटो नाही, कुणी काढलाच नव्हता. "डोळं मिटलं की आबांचा डोईवरचा पांढरा पटका दिसतो, मिशा दिसत्यात," ती म्हणाली. "मधलं तोंडच दिसंना झालंय बघ आता. लई आठवते, पर न्हाय येत." मग शेंगांची टरफलं झाडत म्हणाली, "तुमच्या पोरास्नी माझं तोंड तरी ध्यानात ऱ्हाऊ दे. कर तुझी भिंत. पर चेहरा माझाच दिसला पायजे."

मी शब्द दिला. तो सोपा नव्हता, कारण घरातल्या झाडून सगळ्या फोटोंत आईचे डोळे मिटलेले, नाहीतर ती ताट घेऊन अर्धी बाहेर गेलेली. शेवटी परसात खुर्चीवर बसवून मीच तिचा एक चांगला फोटो काढला. आठ दिवस खपून डोळे, नाक आणि गाल एवढा भाग जुन्या अल्बममधल्या फोटोंनी भरून ठेवला. पाहुण्यांसाठी मोकळे ठेवले ते पंचाहत्तरीतही काळे राहिलेले केस, आणि नाकाखालपासून गळ्यापर्यंतचे चौकोन. फोटो काळपट असेल तर कॉम्प्युटर त्याला केसांतला नंबर द्यायचा, उजळ असेल तर खालचा. स्टिकरच्या मागं चौकोनाचा नंबर छापून यायचा; भिंतीला टेकवलेल्या बोर्डावर तो शोधून चिकटवलं, की झालं. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

कॉम्प्युटरला उजेड-अंधार कळतो, मानपान कळत नाही, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

पहिले आले थोरले दाजी. कबनूरला त्यांचे यंत्रमाग आहेत. पांढरा शर्ट, पांढरी विजार, पांढरी टोपी. भावाच्या लग्नात फेटा बांधायला अर्धा तास उशीर झाला म्हणून हा माणूस जीपमध्ये जाऊन बसला होता. त्यांना उतरवायला तीन माणसं लागली होती. मी दाराशी कॅमेऱ्यावर होते. त्यांचा फोटो काढला, स्टिकर हातात दिलं आणि पुढच्या पाहुण्याकडे वळले. बोर्डापाशी वहिनी उभी होती. तिथं काय झालं ते तिनं मला नंतर सांगितलं.

"मी नाकाखाली?" दाजींनी विचारलं.

"कॉम्प्युटरनंच दिलाय नंबर," वहिनी पदर सावरत म्हणाली.

"कॉम्प्युटर या घरचा जावई हाय का मी?"

आणि त्यांनी स्वतःला सगळ्यात वरच्या ओळीत, बरोबर मधोमध चिकटवलं. त्यांना अडवायची वहिनीची छाती झाली नाही. थोरले वर गेले म्हटल्यावर मधले दाजी खाली कसे राहतील? मग व्याही, मग भावकी, मग आईच्या माहेरची मंडळी. पांढऱ्या शर्टातला एकेक कर्ता पुरुष मागचा नंबर न वाचता वर जाऊन बसला. एक पावणं तर म्हणे, "हनुवटीवर बसायला का आमी चामखीळ हावं?"

बायका तेवढ्या नंबर वाचून आपापल्या जागी चिकटल्या. जन्मभर शेवटच्या पंगतीला बसलेल्या. हनुवटी तर हनुवटी, गळा तर गळा.

सगळ्यात शेवटी, ऐन जेवणाच्या वेळी, भाचेमंडळी उगवली. काळे टी-शर्ट, काळे गॉगल, वाढलेल्या दाढ्या. त्यांचे नंबर केसांतले, पण केसांत मुंगी शिरायला जागा नव्हती. रिकामी उरली होती ती फक्त नाकाखालची पट्टी. पोरांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत ती भरून टाकली.

शेवटचं स्टिकर छापून मी मान वर केली. बोर्डाला नाक लावून अख्खा हॉल उभा होता. जो तो स्वतःला शोधत होता आणि सापडला की स्वतःच्या फोटोचा फोटो काढत होता. मी पार समोरच्या स्टेजपर्यंत मागं गेले आणि वळून पाहिलं.

आईला झुपकेदार मिशा आल्या होत्या.

केसही गायब. डोक्यावर पांढऱ्याचे नुसते थर. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक काम सांगितलं होतं तिनं! मी गर्दीत घुसले आणि दिसेल त्या भाच्याला नखानं उपटायला लागले. तीन निघाले. चौथ्याला थोरल्या दाजींचा हात आडवा आला.

"लावलेला फोटो काढत्यात व्हय? अपमान हाय ह्यो!"

"आईला मिशा आल्यात दाजी! दिसत न्हाय तुम्हाला?"

तेव्हा कुठं सगळे चार पावलं मागं सरकले. आणि मग जो हशा उसळला! दाजींनी टोपी काढून डोळे पुसले. मला मात्र रडू फुटत होतं. आईची माफी मागायला मी स्टेजकडे वळले.

आई हसत नव्हती. ती स्टेजवरच्या सोफ्यावरून उठून उभी राहिली होती, एकटक बोर्डाकडे पाहत.

"आबा," ती म्हणाली.

हसणं हळूहळू थांबलं. आई पायऱ्या उतरून तरातरा बोर्डापाशी आली. पण जवळ आल्यावर तिला चौकोनच दिसले, आणि ती कावरीबावरी झाली. मी तिचा दंड धरून तिला एकेक पाऊल मागं नेलं. खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेपाशी तिनं माझा हात घट्ट दाबला.

"हे माझं आबा हाईत. असाच पटका बांधायचं. आन् हे मधलं... हेच तोंड. हेच की ग."

मधलं तोंड तिचंच होतं. दाजींनी टोपी परत डोक्यावर घालायची राहिली होती, ती त्यांनी तशीच हातात धरून ठेवली.

बऱ्याच वेळानं आईचं लक्ष माझ्या बोटांना चिकटलेल्या तीन भाच्यांकडे गेलं.

"ते लाव आधी जाग्यावर. मिशी अर्धी केलीस आबांची."

"पण आई, तुझा चेहरा? मी शब्द दिला होता."

"माझा कशाला?" ती बोर्डावरची नजर न काढता म्हणाली. "मी हाय की हितं. बघा काय बघायचं ते."