क्लेमेंटीनचा दोर

वटारची क्लेमेंटीन स्टेफीवर जळायची. उगाच लपवायचं कशाला? नवरा गॉडफ्रे वाडीतल्या नारळावरून पडला, पाठीचा कणा मोडला, कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून त्याचं सगळं हिनेच केलं. अर्नाळ्याहून भावाच्या होडीवरचा जाड दोर आणून तिने पलंगावरच्या तुळईला बांधला होता. त्याला लोंबकळून गॉडफ्रे अंग उचलायचा आणि व्हीलचेअरवर बसायचा. आल्यागेल्याला ती कौतुकाने सांगायची, "माझ्या माहेरचा हाय."

मग व्यायाम शिकवायला ही स्टेफी यायला लागली. कालची पोर, पण तोरा केवढा! "अंकल, आता खांदे हेच तुमचे पाय. असं लटकून ते झिजवायचे नाहीत." तिने दोर सोडला आणि एक गुळगुळीत फळी आणली. पलंग आणि खुर्ची एका उंचीला, मध्ये फळी, पुढे वाकून हळूहळू सरकायचं. गॉडफ्रे सरकला आणि खुदकन हसला. बायकोकडे बघून असा कधी हसला होता मेला? क्लेमेंटीनच्या अंगाचा तिळपापड झाला. स्टेफीची पाठ वळताच दोर पुन्हा तुळईवर चढला आणि फळी माळ्यावर गेली.

"माझ्या दोरानं कोनाचं काय बिघडवलं?" ती फणकारली. गॉडफ्रेने पुन्हा दोर धरला. पुढे स्टेफी विचारायची, "फळी वापरता ना?" आणि नवरा-बायको दोघंही नंदीबैलासारखी मान डोलवायची.

एका संध्याकाळी दोघं रोझरीच्या प्रार्थनेला बसली. क्लेमेंटीनने क्रुसाची खूण केली आणि सहज बाजूला पाहिलं. गॉडफ्रेचा उजवा हात छातीपर्यंत आला होता. तिथून वर कपाळापर्यंत जाईना. तोंड घामाने डबडबलेलं.

"कवापासून?" तिने विचारलं.

"झाले बरेच दिवस. दोर नको म्हटलं असतं तर तुला लागलं असतं."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या बोटांनी तिने त्याच्या कपाळावर, छातीवर खूण केली. खांद्याला बोट लागलं तसा तो कळवळला. प्रार्थना अर्धी टाकून तिने स्टेफीला फोन लावला.

सकाळी स्टेफीने खांदा तपासला. डॉक्टरांना दाखवू म्हणाली, तोवर या हातावर भार अजिबात नको, फळीवरून दुसऱ्याने सरकवायचं. तिने गॉडफ्रेला पुढे वाकवून स्वतःवर रेलून घेतलं. ते बघून क्लेमेंटीनच्या काळजात पुन्हा कळ आली. तरी ती जवळ गेली.

"सरक बाय," ती म्हणाली, "मला शिकव."

म्हणतानाही जळत होतीच.